कमी पैशात पिकअप घ्यायची आहे? नाशिकमधल्या नवख्यांसाठी गाडी निवडायची रीत

नाशिक जिल्ह्यात पहिल्यांदा पिकअप घेणारे बहुतेक जण दोन टोकांना असतात. काही जण शेजाऱ्याने घेतली म्हणून तीच मोठी गाडी बुक करतात आणि ती निम्मा हंगाम अंगणात उभी राहते. काही जण हप्ता कमी बसतो म्हणून छोटा हत्ती घेतात आणि पहिल्याच महिन्यात त्यात दीड टन कांदा भरतात. दोन्हीकडे घोळ एकच असतो. गाडी आधी ठरते आणि तिच्यासाठी काम नंतर शोधलं जातं. आधी माल, मग रस्ता, मग इंजिन आणि सगळ्यात शेवटी शोरूम, अशा क्रमाने गेलात तर बजेट तोकडं असलं तरी निभावतं.

१. आधी वहीत मांडा

कोणता माल, एका फेरीला किती किलो, कुठून कुठे आणि परत येताना काय, एवढंच लिहायचं आहे. शेवटच्या प्रश्नाला सगळे टाळतात, पण भाड्याच्या धंद्यात कमाई तिथेच ठरते. दिंडोरीहून पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजी टाकून रिकामं परतणं आणि वाशीला माल उतरवून भिवंडीहून किराणा भरून येणं यांचा हिशेब सारखा नसतो, मग गाडीही सारखी असून चालत नाही.

हंगामही लिहा. टोमॅटो गिरणारे आणि पिंपळगावला पावसाळ्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत चालतो, द्राक्षं जानेवारी ते एप्रिल, कांदा तर लाल आणि उन्हाळ मिळून जवळपास वर्षभर. मधल्या रिकाम्या महिन्यांत गाडी सातपूर-अंबडच्या कारखान्यांचा माल उचलणार की उभी राहणार, हे आजच ठरवा. जमलं तर घेण्याआधी एक हंगाम ओळखीच्या माणसाची गाडी भाड्याने लावून पाहा आणि प्रत्येक फेरीचं भुईकाट्याचं वजन टिपून ठेवा. सेल्समनच्या सगळ्या बोलण्यापेक्षा ती चिठ्ठ्यांची चळत जास्त कामाची.

२. वजनाचं गणित, कॅरेट मोजून

आरसी बुकात दोन वजनं असतात. एक रिकाम्या गाडीचं, दुसरं मालासकट चालणारं एकूण वजन, ज्याला सगळे जीव्हीडब्ल्यू म्हणतात. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची क्षमता. पण ती सगळीच मालाला मिळत नाही. ड्रायव्हर आणि सोबतचा माणूस मिळून दीडशे किलोच्या आसपास त्यातच धरायचे. हौद्यावर लोखंडी पिंजरा, वरची अँगलची फ्रेम आणि ताडपत्री चढवली की आणखी वजा. पिंजरा किती जाड पत्र्याचा करायचा ते फॅब्रिकेटरवर सोडू नका. त्याला ‘मजबूत’ म्हटलं की तो शे-सव्वाशे किलो लोखंड लावून मोकळा होतो आणि तेवढा माल तुमची गाडी पुढे कधीच नेऊ शकत नाही.

आता एक उदाहरण नीट बघू. टाटा इन्ट्रा व्ही३० चा हौदा आतून २६९० मिमी लांब आणि १६२० मिमी रुंद, क्षमता १३०० किलो. टोमॅटोचा नेहमीचा प्लास्टिकचा कॅरेट साधारण ५४० बाय ३६० मिमीचा. रुंदीत तीन आडवे बसतात, लांबीत सात, म्हणजे एका थराला २१. भरलेला कॅरेट रिकाम्या कॅरेटच्या वजनासह २२ किलो धरला तर तीन थरांचे ६३ कॅरेट १३८६ किलो होतात. म्हणजे तिसरा थर पुरा व्हायच्या आधीच गाडीची मर्यादा संपली, आणि यात माणसं धरलेलीच नाहीत. बाजारात मात्र याच गाडीवर पाच-पाच थर दिसतात.

उलट कोथिंबीर किंवा मेथी भरा. हौदा ओसंडून वाहतो आणि काटा निम्म्यावरही जात नाही. त्यामुळे टोमॅटो, कांदा, सिमेंट असा जड माल असेल तर टनाचा आकडा बघून गाडी निवडा. पालेभाजी, फुलं, थर्माकोल, फर्निचर असेल तर हौद्याची लांबी बघा आणि क्षमतेसाठी जादा पैसे मोजू नका. दोन्ही प्रकारचा माल असेल तर वर्षातून जास्त फेऱ्या ज्याच्या, त्याच्या बाजूने कौल द्यायचा.

ओव्हरलोडबद्दल ‘सगळेच भरतात’ हे खरंच आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर दर जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवून घेण्याचा खर्चही तुमच्याच बोकांडी. त्याहून मोठं नुकसान रोज थोडं थोडं होत असतं. पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, बसतात, मागचे टायर झिजतात, क्लच जळतो.

३. तीन हजार किलोची रेघ

ही गोष्ट शोरूममध्ये सहसा कोणी आपणहून सांगत नाही. ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन ३००० किलोपेक्षा जास्त नाही तिला कायद्याच्या कलम ६६ नुसार परमिट लागत नाही. इन्ट्रा व्ही३०, व्ही५० आणि अशोक लेलँडची दोस्त या रेघेच्या आत बसतात, १.७ टन आणि दोन टनांच्या बोलेरो पिकअप बाहेर जातात. परमिट काढणं काही अवघड नाही, पण त्याचं नूतनीकरण, फी आणि पेठ रोडच्या आरटीओच्या फेऱ्या कायमच्या मागे लागतात. एकट्याने धंदा करणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात जातो. काम दीड टनात भागत असेल तर या रेघेच्या आत राहा.

लायसन्सचा प्रश्न आता सुटलाय. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार वाहनाचं, लायसन्स असलेला माणूस ७५०० किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो.

‘शेतातलाच माल आहे, मग पांढरी प्लेट मिळेल का?’ हा प्रश्न दर वेळी येतो. एका केबिनची मालवाहू पिकअप स्वतःच्या मालासाठी घेतली तरी ती व्यावसायिक वाहनच. पिवळी प्लेट, आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट, ताशी ८० किलोमीटरचा स्पीड लिमिटर हे सगळं आलंच. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, नंतर दर वर्षी.

४. कोणत्या गटात काय मिळतं

पाऊण टनाच्या आसपासचा सगळ्यात खालचा गट. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ पासून आहे. जून २०२५ मध्ये आलेली एस प्रो ७५० किलोची असून सुरुवातीची किंमत चार लाखांच्या आत ठेवली होती. मारुती सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो नेते. शहरात पाण्याचे जार, बेकरीचा माल, किराणा, इलेक्ट्रिकचं सामान टाकायचं असेल तर यापलीकडे बघायची गरज नाही. मेन रोड आणि रविवार कारंजाच्या गल्ल्यांत मोठी पिकअप घालून मागे घेणं म्हणजे शिक्षा.

मधला गट एक ते दीड टनाचा. इन्ट्रा, दोस्त आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आलेली महिंद्रा वीरो यातल्या, पैकी वीरो १६०० किलोपर्यंत जाते. दहा-पंधरा एकर बागायत असलेला शेतकरी आणि नवा भाडेवाला, दोघांनी पहिली नजर इथेच टाकावी असं माझं मत. वरच्या गटात बोलेरो मॅक्स पिकअप १.३ ते २ टनांपर्यंत अनेक मापांत मिळते, शिवाय टाटा योद्धा आणि बडा दोस्त. नाशकात बोलेरोचा मेकॅनिक आणि पार्ट गावोगाव मिळतो आणि विकताना भाव चांगला येतो. तिची खरी किंमत त्यातच आहे. पण रोज ७०० किलो माल नेणाऱ्याने ती घेतली तर जादा डिझेल आणि जादा हप्ता भरून तो फक्त रुबाब विकत घेतो.

एक मात्र लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. त्याआधीची कोटेशन्स, व्हिडिओ आणि मित्राने सांगितलेले भाव विसरा. कोटेशन ताजं, लेखी आणि ऑन-रोडच घ्या.

५. घाट, इंजिन आणि इंधन

नाशिक पठारावर आहे. त्यामुळे आपला माल बाहेर जातो तो बहुतेक वेळा घाट उतरत. वाशीला जाणारी भरलेली गाडी कसारा घाट उतरते आणि रिकामी चढते. पेठमार्गे गुजरातला जाणाऱ्याचंही साधारण तेच, मधले चढ सोडले तर. म्हणून शेतमाल नेणाऱ्याला ताकदीइतकीच ब्रेकची काळजी हवी. टेस्ट ड्राइव्हला ब्रेक दाबून गाडी सरळ थांबते का, बाजूला ओढते का, हे आधी बघा, आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरायची सवय ड्रायव्हरला पहिल्या दिवसापासून लावा. न्यूट्रल करून उतरण्यात वाचलेलं डिझेल एकाच वळणावर वसूल होतं.

याउलट ज्यांचा धंदा भिवंडी-मुंबईहून माल भरून आणण्याचा, ते भरल्या गाडीने कसारा चढतात. त्यांनी टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढायची ताकद, बघायचा. इन्ट्राचंच घ्या. व्ही३० आणि व्ही५० दोन्हींचं इंजिन १४९६ सीसीचं, पण एकाचा टॉर्क १४० न्यूटन मीटर, दुसऱ्याचा २२०. सपाट रस्त्यावर कळणारही नाही, चढावर मात्र एक गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडत असते आणि दुसरी तिसऱ्यात निघून जाते. अश्वशक्तीचा आकडा ब्रोशरवर मोठा छापतात, टॉर्कचा बारीक. तो शोधून वाचा.

सीएनजीचं आकर्षण स्वाभाविक आहे. शहरात, सातपूर-अंबड-सिन्नर पट्ट्यात रोज ठरावीक फेऱ्या असतील तर ती परवडते. पण टाक्यांचं वजन क्षमतेतून जातं. तीच सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलोची, सीएनजीवर ६२५ ची. पंपावरच्या रांगेत गेलेला वेळ भाड्यात धरा, सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी खर्चात धरा, आणि सुरगाणा-पेठ-कळवणकडच्या आडरस्त्याला जाणार असाल तर पंप कुठे आहे ते आधी पाहून घ्या. भरलेल्या मालासह लांबचा घाटरस्ता असेल तर डिझेलच.

डिझेलला एक पथ्य आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारे फिल्टर असतात. रोज दोन-दोन किलोमीटरच्या थांबत-थांबत फेऱ्या मारल्या की ते तुंबतात आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. गावात घरपोच माल टाकणाऱ्याने म्हणूनच पेट्रोल किंवा सीएनजीचा विचार आधी करावा. गाडीला डिझेलशिवाय डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारा वेगळा द्रव, भरावा लागतो का, हेही विचारून घ्या.

६. कोणत्या फीचरला पैसे द्यायचे

पॉवर स्टिअरिंगला हो, डोळे झाकून. भरल्या गाडीने यार्डात मागे-पुढे करताना खांद्याची वाट लागते आणि चांगला ड्रायव्हर अशा गाडीवर टिकत नाही. टायर मोठे आणि जास्त प्लायचे, म्हणजे जास्त थरांचे, घ्या. व्ही३० ला १४ इंची, व्ही५० ला १५ इंची चाकं येतात. कच्च्या शिवाररस्त्यावर हा एक इंच जाणवतो. फाळका तिन्ही बाजूंनी उघडणारा असेल तर हमाल निम्म्या वेळात माल उतरवतात. ड्रायव्हरची एअरबॅग मिळत असेल तर ती म्युझिक सिस्टिमच्या पैशात घ्या.

एसीबद्दल लोक हसतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, पिकअपला नाही. दिवसा लांबच्या फेऱ्या असतील तर घ्या. पहाटे तीनला निघून सकाळी नऊला परतणाऱ्याला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

टचस्क्रीन, अलॉय, रंगीत स्टिकर, क्रोमची जाळी हे सगळं सोडून द्या. त्याच पैशात चांगली ताडपत्री, दोर, जॅक, फर्स्ट एड आणि मागचे रिफ्लेक्टर येतात. जीपीएस मात्र, गाडी ड्रायव्हरच्या हवाली करणार असाल तर, पहिल्या दिवसापासून हवा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शेतात थेट गाडी घालणाऱ्यांना फोर बाय फोरचा मोह होतो. बोलेरो आणि योद्धात तो पर्याय मिळतोही. पण त्या चार दिवसांसाठी ट्रॅक्टरने ओढून काढणं स्वस्त पडतं.

७. पैसे

ऑन-रोड किंमत म्हणजे एक्स-शोरूम, रोड टॅक्स, विमा आणि नोंदणी. महाराष्ट्रात २०२५ च्या अर्थसंकल्पापासून ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आहे. थर्ड पार्टी विम्याचा २०२२ च्या दरपत्रकातला हप्ता भाड्याने चालणाऱ्या या संपूर्ण गटाला सरसकट १६,०४९ रुपये, त्यावर जीएसटी. म्हणजे छोटा हत्ती घेतला काय नि बोलेरो घेतली काय, हा खर्च तेवढाच. छोट्या गाडीचा हिशेब करताना हे विसरलं जातं.

विम्यात आयएमटी २३ हे कलम मागून घ्या. व्यावसायिक गाडीत ते नसेल तर टायर, दिवे, मडगार्ड, बंपर आणि रंगाचं नुकसान गाडी पूर्ण बाद झाल्याशिवाय मिळत नाही. अपघातानंतर वर्कशॉपच्या बिलासमोर बसून हे कळण्यापेक्षा आज थोडा हप्ता जास्त भरलेला बरा. आणि द्राक्षाच्या हंगामात हौद्यात मजूर बसवून नेण्याची जी पद्धत पडलीये ती सोडाच. मालाच्या हौद्यातले प्रवासी विम्यात बसत नाहीत. काही झालं तर भरपाईसाठी जमीन विकायची वेळ येते.

कर्जाचं गणित घरीच करा. सात लाख रुपये ११ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर महिन्याला साधारण १८,१०० रुपये बसतात. पाच वर्षं केली तर १५,२००, पण एकूण ४५ हजारांच्या आसपास जादा जातात. नवख्या भाडेवाल्याने तरीही पाच वर्षं घ्यावीत असं मी म्हणेन, कारण पहिल्या वर्षी गिऱ्हाईक बसेपर्यंत दर महिन्याचे ते तीन हजार फार मोठे वाटतात. मुदतीआधी फेडायला दंड किती, तेवढं आधी लेखी घ्या. शेतकऱ्यांनी हंगामी हप्त्याबद्दल विचारावं, काही फायनान्सवाले पिकाच्या पैशांप्रमाणे हप्ते पाडून देतात. २०२७ च्या सिंहस्थात भाडी मिळतील या आशेवर गाडी घेणारे सध्या बरेच भेटतात. पर्वणी आटोपते, हप्ता मात्र पुढची तीन-चार वर्षं चालूच असतो.

जीएसटी नोंदणी असेल तर मालवाहू गाडीवरच्या कराची वजावट मिळते, प्रवासी कारवर सहसा मिळत नाही. सीएला एक फोन करा.

८. जुनी घेत असाल तर

तीन-चार लाखांत जुनी बोलेरो पिकअप चांगली वाटते. आधी गाडीखाली झोपा. चासीवर, विशेषतः मागच्या पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ, वेल्डिंगचा ताजा ठिपका किंवा नवा काळा रंग दिसला तर उठून घरी जा. पाटे मोजा. कंपनीपेक्षा एक जास्त घातला असेल तर गाडी जन्मभर ओव्हरलोड चालली, विकणारा काहीही शपथा घेवो. टोमॅटो आणि कांद्याच्या गाड्यांचा हौदा पाणी गळून गळून खालून सडतो. वरून नवा पत्रा टाकलेला असतो, म्हणून हातोडीने खालच्या आडव्या पट्ट्या ठोकून बघा.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडून बघा. धूर भकाभका बाहेर मारत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, क्लच पेडलचं रबर आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघा, ती खोटं बोलत नाहीत.

कागदात परिवहनच्या पोर्टलवर फिटनेस, कर, विमा, कर्जाचा बोजा आणि थकीत ई-चलान तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. एमएच १५ किंवा मालेगावची एमएच ४१ असेल तर सोपं. गुजरात पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणि इथला कर धरला की स्वस्ताई बरीचशी संपते. फायनान्स कंपनीने ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात नवख्याने एकट्याने जाऊ नये, सोबत मेकॅनिक असावा.

९. शेवटची फेरी

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीने मारण्यात अर्थ नाही, रिकामी पिकअप कुठलीही उड्या मारत पळते. डीलरकडे वाळूच्या गोण्या टाकलेली डेमो गाडी मागा, नाहीतर तेच मॉडेल वापरणाऱ्या ओळखीच्या माणसासोबत त्याच्या भरल्या फेरीला बसून जा. मार्केट यार्डात पहाटे उभ्या असलेल्या ड्रायव्हरांना ॲव्हरेज विचारा, ‘भरून किती, रिकामी किती’ असं वेगवेगळं. मालकाचा आणि ड्रायव्हरचा आकडा जुळला तर तो खरा.

डिसेंबरात सूट जास्त मिळते, पण आरसीवर उत्पादनाचं वर्ष जुनं लागतं आणि विकताना तेवढा भाव पडतो. दहा वर्षं वापरायची असेल तर खुशाल घ्या. ताबा घेताना चासी नंबर कागदाशी स्वतः ताडून बघा. पहिल्या काही भरल्या फेऱ्या झाल्या की पाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या. नव्या गाडीत ते बसतात आणि सैल होतात, पहिल्या सर्व्हिसची वाट पाहत थांबू नका.